आधी रस्ता, मग गटार

सरपंच झाल्यावर एक गोष्ट लवकरच कळली. गावात पैसा येतो तो गावाचा म्हणून येत नाही, हेडचा, म्हणजे ज्या खर्चाच्या खात्यावर तो मंजूर होतो त्याचा म्हणून येतो. कुणी काम सुचवलं की आमचे भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, आधी विचारायचे, "कुठल्या हेडमधून?" काम गरजेचं आहे का, किती घरांना उपयोग होईल, हे नंतर. (शासनाने 2024 मध्ये त्या पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं, पण गावात भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.) त्यांचं चुकत नव्हतं. ज्या कामाला हेड नाही ते त्यांच्या लेखी कामच नव्हतं, आणि वर्षभरात माझ्याही लेखी राहिलं नाही.

मी डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत थेट जनतेतून निवडून आले. थेट निवडीचंही एक गंमतशीर प्रकरण आहे. 2017 मध्ये राज्याने सरपंच थेट निवडायचं ठरवलं, 2019 मध्ये सरकार बदललं आणि 2020 मध्ये ती पद्धत गेली, 2022 मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि ती परत आली. यातलं काहीही गावाला विचारून झालं नाही. विचारायची सक्तीही नाही, कारण स्थानिक स्वराज्य हा राज्यसूचीतला विषय. 73 व्या घटनादुरुस्तीने 24 एप्रिल 1993 पासून पंचायतीला घटनेत जागा मिळाली, अकराव्या अनुसूचीत 29 विषयांची यादी आली, पण त्यातलं किती आणि कसं द्यायचं ते राज्यावर सोडलं. त्यामुळे माझ्या गावात शाळा आहे ती जिल्हा परिषदेची, उपकेंद्र आहे ते आरोग्य विभागाचं, रस्ता कुणाचा ते त्या वर्षीच्या निधीवर अवलंबून. दिवाबत्ती, पाणी, गटार आणि दाखले एवढं मात्र निर्विवाद आमचं.

हे सगळं लिहायला बसले ती एका गटारामुळे. शाळेपासून ओढ्यापर्यंतच्या गल्लीत गटारच नव्हतं. वरच्या आळीचं सांडपाणी उताराने यायचं आणि शाळेच्या फाटकापाशी साचायचं. प्रचारात मी शब्द दिलेला होता, त्यामुळे पहिल्या विकास आराखड्यात हे काम घ्यायचं हे नक्की होतं.

पैशाचं गणित आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गावाला मोठा हक्काचा पैसा यायचा तो केंद्राकडून, पंधराव्या वित्त आयोगाचा. 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना मिळून 2,36,805 कोटी रुपयांची शिफारस होती. चौदाव्या आयोगाने सगळा पैसा ग्रामपंचायतींनाच दिला होता. पंधराव्याने तिन्ही स्तरांना वाटा दिला, आणि आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला 80, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी 10 टक्के असं वाटप ठरलं. आमच्या वाट्याला वर्षाला साधारण बारा लाख यायचे. हिशोब 2011 च्या जनगणनेचा. तेव्हा गावाची लोकसंख्या साडेतेवीसशे होती, आज नुसती मतदारयादीच एकवीसशेची आहे. पण 2021 ची जनगणना झालीच नाही, तर वाढलेल्या माणसांचे पैसे मागायचे कुणाकडे?

या बारा लाखांतले 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचे. त्यातले निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं वगैरेंसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले 40 टक्के अबंधित. पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे. म्हणजे पाण्याला तीन लाख साठ हजार, स्वच्छतेला तेवढेच, आणि गावाच्या मर्जीचे चार लाख ऐंशी हजार. साडी द्यायची आणि ती कुठल्या कार्यक्रमाला नेसायची हेही सांगून ठेवायचं, असा हा आहेर. तरी आहेर येतो, वेळेवर येतो, आणि हे मी मनापासून म्हणते. केंद्राकडून आलेली रक्कम राज्याने दहा कामकाजाच्या दिवसांत खाली सोडली नाही तर व्याजासह द्यावी लागते. जुन्या सरपंचांना विचारा, पूर्वी ते मंजूर निधी सोडवून आणायलाच तालुक्याला हेलपाटे घालायचे.

आराखड्याची ग्रामसभा 2 ऑक्टोबरला. त्याआधी महिला सभा, वॉर्डसभा. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी ते लागतं, म्हणून आम्हाला शंभर माणसं हवी होती. एरवी ग्रामसभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे आठवड्याने पंधरा-वीस जणांत सगळे विषय मंजूर होतात. या वेळी माणसं जमली, कारण गटार विषयपत्रिकेवर होतं.

तालुक्याहून आलेल्या प्रशिक्षकांनी आधी संकल्पना समजावल्या. शाश्वत विकास ध्येयांना गावपातळीवर उतरवायचं म्हणून केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने नऊ संकल्पना ठरवल्या आहेत: दारिद्र्यमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव, अशा. गावाने त्यातली निवडून संकल्प करायचा आणि कामं त्याला धरून घ्यायची. प्रशिक्षक चांगले होते, फळा वापरत होते. पण शाळेजवळच्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "बाळा, ह्या नवातली कुठली घेतली म्हणजे आमच्या दारातलं पाणी जातंय ते सांग, तीच घेऊ." सभा हसली, तेही हसले आणि म्हणाले, "पाचवी, आजी." आम्ही 'स्वच्छ व हरित गाव' घेतली.

विनोद बाजूला ठेवला तर त्यात तथ्य होतं. सभेत आलेल्या सूचना बघितल्या तर स्मशानभूमीला शेड, वस्तीवरचा रस्ता, समाजमंदिराची दुरुस्ती, गटार आणि पुन्हा रस्ता. आराखड्यात काय दिसलं? पाणी आणि स्वच्छता यांची कामं भरपूर, कारण पैसा तिथे होता. स्मशानभूमीची शेड 'जनसुविधा'मधून होईल म्हणून बाजूला. ती योजना जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून चालते आणि समितीचे अध्यक्ष असतात पालकमंत्री. घटनेत जिल्हा नियोजन समितीची कल्पना अशी आहे की गावांचे आणि शहरांचे आराखडे तिथे एकत्र होऊन जिल्ह्याचा आराखडा तयार व्हावा. आमचा आराखडा तिथे कुणी उघडून पाहिला असेल असं मला वाटत नाही. शेडसाठी आमदारांचं शिफारसपत्र लागतं, ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

आराखडा ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या पोर्टलवर चढवायचा असतो. हे काम संगणक परिचालक करतो. मी शेजारी खुर्ची टाकून बसले, कारण काय भरलं जातंय ते मला पाहायचं होतं. प्रत्येक काम ठरलेल्या यादीतून निवडावं लागतं, त्याला संकल्पना जोडावी लागते, निधीचा स्रोत जोडावा लागतो. 'शाळा ते ओढा आरसीसी गटार, टप्पा 1' हे सांडपाणी व्यवस्थापनात बसलं. रक्कम तीन लाख पन्नास हजार. सगळं गटार एका वर्षाच्या स्वच्छता निधीत होण्यासारखं नव्हतं, म्हणून 'टप्पा 1'. गावातल्या कामांना टप्पे का असतात याचं उत्तर बहुतेक वेळा पैशाच्या हेडात सापडतं, कामात नाही.

मग तालुका. पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो हे खरं, पण अंदाजपत्रक पंचायत समितीच्या अभियंत्याने करायचं, तांत्रिक मान्यता वरून घ्यायची, काम झाल्यावर एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, त्यांनीच लिहायची. पूर्वी अडवणूक निधी सोडण्यात व्हायची, आता ती मान्यतेपाशी आली आहे. आमच्या शाखा अभियंत्यांकडे तीसेक गावं. ते गुरुवारी ऑफिसात बसतात आणि गुरुवारी बाहेर सरपंचांची रांग असते. मी त्यांच्यावर चिडले नाही. एकटा माणूस तीस गावांची लेव्हल घेणार कधी? आणि तांत्रिक मान्यता नकोच, गावाला सगळं कळतं, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मागच्या एका कारकिर्दीत गावात बांधलेलं गटार अजून आहे. त्याचा उतार उलटा आहे आणि पावसाळ्यात ते पाणी देवळात आणून सोडतं. ते कुणाला न विचारता बांधलेलं होतं.

अंदाजपत्रक तिकडे रखडलं आणि इकडे अबंधित निधीचं काय होतंय ते मला दिसायला लागलं. चार लाख ऐंशी हजार, आठवतंय ना? त्यातून पहिल्या वर्षी संगणक परिचालकाचे दरमहा 12,331 रुपये. हा आकडा त्या काळातल्या प्रत्येक सरपंचाला पाठ आहे. वर्षाचे जवळपास दीड लाख झाले. मग पथदिव्यांचं बिल. पूर्वी ते शासन जिल्हा परिषदेमार्फत भरत असे. 2021 मध्ये शासनाने सांगितलं की पथदिव्यांचं बिल आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल ग्रामपंचायतींनी पंधराव्या वित्त आयोगातून भरावं. राज्यभर सरपंचांनी विरोध केला, निवेदनं दिली. आमच्याकडे जुनी थकबाकीही होती, आणि वीज तोडली की गाव सरपंचाच्या दारात येतं, शासनाच्या नाही. भरलं. अबंधितात उरले दीड लाखाच्या आसपास.

दिवे गावात लागतात तर बिल गावाने का भरू नये, असं मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि माझं उत्तर असं की गावाने जरूर भरावं. पण राज्याने आपल्या तिजोरीतून उचललेला खर्च काढून केंद्राने गावाला दिलेल्या पैशावर टाकला, तर गावाला नवं काय मिळालं? केंद्राच्या कागदावर आमचे अबंधित चार लाख ऐंशी हजार. राज्याच्या कागदावर वाचलेलं वीजबिल. दोन्ही कागद खरे, आणि आमच्या पासबुकात मात्र दीड लाख.

उलट बाजूने केंद्रही राज्यावर राग काढतं तो आमच्याच पैशातून. निवडून आलेली कार्यकारिणी नसेल तर त्या संस्थेला अनुदान नाही, अशी आयोगाची अट. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. न्यायालयाने मे 2025 मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, तीही मुदत पुढे वाढली. तोवर वरच्या दोन स्तरांचे दहा-दहा टक्के अडकलेले. अट मला मान्य आहे, निवडणुका टाळणाऱ्या राज्याला धाक हवाच. पण निवडणूक घेणं ना जिल्हा परिषदेच्या हातात, ना पंचायत समितीच्या. त्यात आम्हाला बसलेला फटका वेगळाच. पंचायत समितीचा सदस्य नावाचा माणूस उरला नाही. गटविकास अधिकारीच प्रशासक. कार्यालयाबद्दल गाऱ्हाणं असेल तर ते त्याच कार्यालयाच्या प्रमुखाला सांगायचं.

पाण्याच्या तीन लाख साठ हजारांची तऱ्हा वेगळी. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं, खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा, ठेकेदार नेमला वरून. आमची टाकी अर्धी झाली आणि थांबली. योजना हस्तांतरित झाली नाही, त्यामुळे तिच्या देखभालीवर खर्च करता येईना. जुन्या लाइनवर पैसा घालावा तर नवी लाइन येणार म्हणून तो वाया. बंधित पाण्याची शिल्लक वाढत गेली. आढावा बैठकीत आमच्या गावाचं नाव 'अखर्चित' यादीत, वरून दुसरं. साहेबांनी विचारलं, "ताई, पैसे खर्च का होत नाहीत?" मी म्हटलं, "गटाराला द्या, उद्या होतील." एका भागाची गरज पूर्ण झाली असेल तर तो पैसा दुसऱ्या भागाला वळवता येतो, अशी तरतूद आहे, ग्रामसभेचा ठराव आणि वरची पुष्टी घेऊन. पण टाकी अर्धी असताना पाण्याची गरज भागली असा ठराव करायला माझी जीभ रेटेना. करून दिला असता तर कदाचित पुष्टी मिळालीही असती, आणि मग टाकी मागायला कुठल्या तोंडाने गेलो असतो?

या सगळ्यात जानेवारी संपत आला आणि एक दिवस पत्र आलं की शाळा ते ओढा काँक्रीट रस्ता मंजूर झालाय. पंचवीस-पंधराचा. ग्रामीण भागातल्या राजकारणात वावरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. 2515 हा राज्याच्या एका लेखाशीर्षाचा, म्हणजे हेडचा, क्रमांक, आणि त्यातून गावांतर्गत कामं आमदारांच्या शिफारशीने येतात. रस्त्यासाठी आम्ही दोन वर्षांपूर्वी निवेदन दिलेलं होतं, आनंदच झाला. मार्चअखेर असल्यामुळे ना-हरकत आणि 'सदर काम अन्य योजनेतून झालेलं नाही' असा दाखला तातडीने हवा होता. गावाची आठवण वरच्यांना होते ती इथे: त्यांना ना-हरकत लागते.

तीच गल्ली. आमचं गटार त्याच गल्लीतून जायचं होतं आणि त्याची तांत्रिक मान्यता अजून तालुक्यात होती. रस्ता आधी झाला तर आम्ही सहा महिन्यांनी नवं काँक्रीट फोडणार, आणि फोडलं की पहिला फोटो व्हॉट्सअॅपवर माझाच.

मी रस्त्याच्या विभागातल्या उपअभियंत्यांकडे गेले. म्हटलं, कडेने दोन फूट जागा सोडा आणि तीन ठिकाणी क्रॉसिंगचे पाइप आधी टाका. त्यांनी फाइल उघडून दाखवली.

"मॅडम, पाइप एस्टिमेटमध्ये नाहीत."

"घाला की मग."

"सुधारित मान्यता घ्यावी लागेल. तोवर मार्च गेला, निधी परत गेला. रस्ताही नाही."

"मग आमचं गटार?"

"तुमचं गटार पंधराव्या वित्तचं, आमचा रस्ता पंचवीस-पंधराचा. दोन्ही एका फाइलीत येत नाहीत हो."

"जमिनीवर तर एकाच जागी येतात ना, साहेब?"

त्यावर ते हसले, आणि मला सांगायला हवं की माणूस सरळ होता. त्यांनीच सुचवलं की रस्त्याची मध्यरेषा दोन फूट सरकवता येईल, तेवढं त्यांच्या हातात आहे. पाइप मात्र ग्रामपंचायतीने स्वतः काँक्रीटच्या आधी टाकून घ्यावेत, त्यांच्या कामाला हरकत नाही. तोंडी सांगितलं. लेखी मागितलं तर म्हणाले, "लेखी मागू नका, मग मलाही वर विचारावं लागेल."

इथे ग्रामनिधी कामाला आला. ग्रामनिधी म्हणजे आमचा स्वतःचा पैसा: घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारफी, थोडं मुद्रांक शुल्काचं अनुदान. कराची वर्षाची मागणी सहा लाखांच्या घरात, वसुली जेमतेम निम्म्याहून जास्त. त्यातून शिपाई आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार, स्टेशनरी, आणि उरलेल्यातही वाटे ठरलेले: मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला-बालकल्याणाला 10, दिव्यांगांना 5. म्हणजे स्वतःचा पैसाही अगदी मोकळा नाही. पण या वाट्यांबद्दल माझी तक्रार नाही; ते नसते तर आमच्या गावात दिव्यांगांना एक रुपया मिळाला नसता हे मी लिहून देते. वाटे काढून जे उरतं ते मात्र खरोखर आमच्या ठरावावर चालतं.

तीन क्रॉसिंगचे सिमेंट पाइप, खोदाई, भराव मिळून तीस-पस्तीस हजारांचं काम. संध्याकाळी मासिक सभा, ठराव, सूचक-अनुमोदक, तीन कोटेशन, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमधून पाइप आले. कुणाची तांत्रिक मान्यता नाही, कुणाचा शेरा नाही. एवढं सोपं असू शकतं हे पाहून आमच्या सदस्यांनाच नवल वाटलं. तेव्हापासून घरपट्टी वसुलीचा विषय निघाला की मी पाइपांचं नाव घेते. नाहीतर गावाचा सूर एरवी एकच असतो: वरून एवढा निधी येतो, मग घरपट्टी कशाला? आणि सरपंचांनाही वसुली नकोच असते. केंद्राचा पैसा आणला तर हार, घरपट्टी मागितली तर पुढच्या वेळी मतं गेली. वरच्यांवर अवलंबून राहण्यात आमचीही सोय असते, हे निवेदनात लिहीत नाहीत एवढंच.

मध्यरेषा दोन फूट सरकवायची तर गल्लीच्या तोंडाशी एका घराचा ओटा आडवा येत होता. ओटा निम्मा रस्त्यात, आणि मालक माझ्या विरोधातल्या पॅनेलचे. त्यांना मी तात्या म्हणते, ते माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे. नोटीस काढायचा सल्ला अनेकांनी दिला. मी सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. तात्या म्हणाले, "ओटा काढला तर मी बसू कुठं?" बराच वेळ जुन्या निवडणुकीचे हिशोब झाले. शेवटी ठरलं की ओटा दोन फूट मागे घ्यायचा, पायरी ठेकेदाराने बांधून द्यायची, आणि गटारावर झाकण त्यांच्या दारापुरतं पहिल्या टप्प्यातच टाकायचं. हे कुठल्या अंदाजपत्रकात बसत नाही आणि दिल्ली-मुंबईच्या कुणाला करताही येणार नाही.

ठेकेदार या काळात माझ्या नवऱ्याला फोन करायचा. अधिकारीही करायचे. नवरा फोन मला आणून द्यायचा आणि म्हणायचा, "तुझा आहे." हे थांबलं ते बिलांच्या वेळी. आता चेक नाहीत. ई-ग्रामस्वराजवर व्हाउचर बनतं, आधी भाऊसाहेब आपल्या डीएससीने, म्हणजे डिजिटल सहीने, सही करतात, मग सरपंच. डोंगल माझ्या नावाचं, ओटीपी माझ्या मोबाइलवर. कोऱ्या चेकवर सरपंचबाईंची सही घेऊन ठेवायची जुनी रीत या एका गोष्टीने मोडली. ती राज्याने किंवा गावाने मोडली नसती, केंद्राच्या यंत्रणेमुळे मोडली.

गटाराच्या टप्पा 1 ला तांत्रिक मान्यता मिळाली तेव्हा रस्त्याचं काँक्रीट होऊन गेलं होतं आणि पाइप खाली होते. काम सुरू करण्याआधी एक, चालू असताना एक आणि संपल्यावर एक असे जिओ टॅग केलेले फोटो काढले, एमबी झाली, बिल निघालं. त्याच संध्याकाळी गावातल्या एका पोराने मोबाइलवर ते पाहून ग्रुपवर टाकलं, "ताई, मंजूर साडेतीन लाख आणि बिल तीन लाख सव्वीस हजार, बाकीचे कुठं गेले?" खर्च कमी झाला, बाकीचे खात्यातच आहेत, हे त्याला पटवायला बिलापेक्षा जास्त वेळ लागला. तरी मला ते आवडलं. वर हिशोब देताना मी एका रकान्यात आकडा भरते. खाली द्यावा लागतो तो असा उलट प्रश्नांसकट.

पंधराव्या आयोगाचा काळ मार्च 2026 पर्यंतचा आणि सोळाव्याचा एप्रिल 2026 पासूनचा. नवा आयोग आला की बंधित-अबंधिताची नवी मांडणी येते आणि आम्ही पुन्हा नवे हेड पाठ करतो. दरम्यान वस्तीवरचा रस्ता मंजूर झाला, पुन्हा मार्चच्या तोंडावर, पुन्हा तातडीने ना-हरकत हवी म्हणून माणूस दारात. या वेळी ग्रामसभेच्या ठरावात अट घातली: काँक्रीटआधी पाइप टाकून ग्रामपंचायतीला दाखवावेत, मगच ना-हरकत लागू. अशी अट घालता येते का म्हणून भाऊसाहेबांनी डोकं खाजवलं. येते की नाही ते कुणी सांगितलं नाही, पण ठेकेदार आठवड्याने आपण होऊन आला आणि पाइप किती इंची टाकायचे म्हणून विचारू लागला.